लोकसंख्येचा भस्मासुर आणि दोन पाळण्यांतलं अंतर: एका वर्षाच्या मोहिमेचं प्रकरण

पार्श्वभूमी

15 नोव्हेंबर 2022 रोजी जगाची लोकसंख्या 800 कोटींवर गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. पाच महिन्यांनी, एप्रिल 2023 मध्ये, भारताने चीनला मागे टाकल्याचा अंदाज आला. या दोन बातम्यांच्या हवेवर मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका लहान संस्थेला लोकसंख्या शिक्षण आणि जनजागृतीसाठी वर्षभराचा निधी मिळाला: जुलै 2023 ते जून 2024. ओळख पटू नये म्हणून वस्तीचं, शाळांचं आणि माणसांचं नाव इथे घेतलेलं नाही, काही तपशील बदलले आहेत.

संस्थेकडे एक समन्वयक, दोन पूर्णवेळ कार्यकर्त्या, अर्धवेळ काम करणारी एक निवृत्त परिचारिका आणि दहा-बारा स्वयंसेवक होते. वस्तीत जालना, बीड, परभणीकडून आलेली मराठी कुटुंबं आणि उत्तर प्रदेशातून आलेली मुस्लिम कुटुंबं शेजारी शेजारी राहतात. बायका धुणीभांडी किंवा घरबसल्या तुकड्यावरचं काम करतात, पुरुष नाक्यावर किंवा रिक्षावर. कामासाठी पाच शाळा ठरल्या: तीन मराठी, एक हिंदी आणि एक उर्दू माध्यमाची.

निधी देणाऱ्यांच्या अर्जात अहवालाचा तक्ता होता. त्याचा शेवटचा रकाना होता ‘नसबंदीसाठी पाठवलेल्या व्यक्तींची संख्या’. तेव्हा त्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही.

आणखी एक गोष्ट प्रस्तावातच चुकली होती. प्रस्तावाची सुरुवात ‘लोकसंख्येचा स्फोट’ या शब्दांनी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) मात्र एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, देशासाठी 2.0 आणि महाराष्ट्रासाठी 1.7 आला होता. पिढीची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरून काढायला साधारण 2.1 लागतो. ही पाहणी ज्या संस्थेच्या समन्वयाने होते, ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1956 पासून मुंबईतच आहे, आता देवनारला. आकडे दाराशी होते आणि प्रस्ताव पन्नास वर्षं जुना होता.

अडचण: जुलैत काय घडलं

11 जुलैला, जागतिक लोकसंख्या दिनी, प्रभातफेरी निघाली. फलकावर दाराला लटकलेल्या माणसांनी भरलेल्या लोकलचा फोटो आणि खाली ‘वाढती लोकसंख्या, घटती जागा’. फेरी गल्लीत शिरली तेव्हा पाण्याच्या नळावरच्या एका बाईने विचारलं, “ताई, ही गर्दी म्हणजे आम्हीच ना?” कार्यकर्तीकडे उत्तर नव्हतं.

फोटोत चूक होतीच. मुंबईतली गर्दी आणि मुंबईतले जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2001 ते 2011 च्या दोन जनगणनांच्या दरम्यान मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर उतरली, म्हणजे चक्क घटली. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 110 लाखांवर गेला. गिरण्या गेल्या, भाडी वाढली, माणसं विरार-कल्याणकडे सरकली आणि रोज सकाळी कामासाठी परत दक्षिणेला निघाली. लोकलमधली गर्दी घर आणि नोकरी यांतल्या अंतराची असते. पाळण्याचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

दुसरा घाव जास्त खोल होता. जुलैअखेरच्या बैठकीत एका स्वयंसेवकाने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला: अमुक समाजाची संख्या इतक्या वर्षांत बहुसंख्य होईल, वगैरे. बैठकीत दोन्ही समाजांच्या बायका होत्या. चार दिवसांत उर्दू शाळेने ठरलेली सत्रं रद्द केल्याचा निरोप पाठवला. मुख्याध्यापकांनी कारण दिलं ‘वेळापत्रक’, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

त्या मजकुराला उत्तर द्यायला आकडे होते, पण ते कुणी पाठ केले नव्हते. 1992–93 च्या पहिल्या पाहणीत मुस्लिम कुटुंबांचा जननदर सुमारे 4.4 होता, पाचव्या फेरीत 2.36. हिंदूंचा 3.3 वरून 1.94. दोन्ही घसरले आणि अंतर निम्म्याहून कमी झालं. धर्मापेक्षा मुलीचं शिक्षण आणि राज्य यांनी हा आकडा जास्त हलतो, बिहारचा एकूण दर 3.0 आणि महाराष्ट्राचा 1.7 हे त्याचं साधं उदाहरण.

तिसरी अडचण म्हाताऱ्यांच्या आठवणीत होती. ‘ऑपरेशन’ हा शब्द निघाला की सासवा उठून जायच्या. 1976–77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. वस्तीतल्या साठीपुढच्या माणसांना विधेयक माहीत नव्हतं, पण गावात गाडी आली की पुरुष उसात लपायचे हे माहीत होतं.

समोरचे पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संस्थेने दोन दिवस काम थांबवून बैठक घेतली. चार वाटा पुढे आल्या.

पहिली, आहे तसंच चालू ठेवायचं. परवानग्या मिळाल्या होत्या, फलक छापून झाले होते, आणि ‘लोकसंख्या वाढ’ या विषयाला कुणी अधिकारी नाही म्हणत नाही. दुसरी, शिक्षण सोडून फक्त कुटुंबनियोजनाची सेवा: बायकांना आरोग्य केंद्रात नेणं, बस. अहवाल झकास दिसला असता, पण महापालिकेच्या आरोग्य सेविका तेच करतात. तिसरी, विश्वस्तांपैकी दोघांचा आग्रह होता की आमदारांकडे कडक दोन-अपत्य कायद्याची मागणी न्यावी.

या तिसऱ्या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. महाराष्ट्रात 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेल्या व्यक्तीला स्थानिक संस्थांची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठी 2005 च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणजे कायदा आहेच. इतर राज्यांत पंचायतींना असा नियम लावल्यावर बायकोला सोडणं, मूल दुसऱ्याच्या नावावर दाखवणं, लिंगनिदान करून गर्भपात, असे प्रकार नोंदले गेले. आणि जननदर 1.7 असलेल्या राज्यात हा कायदा अजून कडक करून नेमकं काय साधायचं, याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही. प्रस्ताव मागे घेतला गेला. एक विश्वस्त नाराज राहिले, ते वर्षभर नाराजच होते.

चौथी वाट निवडली गेली: काम दोन भागांत तोडायचं. शाळेत आकडे शिकवायचे, नीट शिकवायचे. वस्तीत ‘लोकसंख्या’ हा शब्दच वापरायचा नाही. तिथे बोलायचं ते पाळणा लांबवण्याबद्दल, तांबीबद्दल (कॉपर-टी), गोळ्या-इंजेक्शनबद्दल, आणि मुलगी दहावीनंतर शाळेत कशी टिकेल याबद्दल. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा त्यांचा मुद्दा बाईच्या इच्छेचा होता. शंभर वर्षांनी त्याच मुद्द्यावर परत यायला एक जुलै वाया घालवावा लागला.

शाळेत: चिंचोक्यांचा तास

2007 मध्ये लैंगिक शिक्षणाच्या वादातून महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम शाळांतून थांबवला होता. मुख्याध्यापकांच्या मनात तो धाक अजून आहे. म्हणून आठवी-नववीचं सत्र भूगोल आणि गणिताच्या तासाला बसवलं आणि शरीराची माहिती परिचारिकेने मुलींना व मुलांना वेगळी, पालकसभेत सांगून दिली.

गणिताच्या तासाचा गाभा एक खेळ होता. साहित्य: तीन ताटल्या आणि दोनशे चिंचोके. सुरुवातीला वाटाणे आणले होते, ते मुलांनी एकमेकांना मारले.

ताटल्या म्हणजे वयोगट: 0–25, 25–50, 50–75. पहिल्या ताटलीत 40, दुसरीत 30, तिसरीत 10. एकूण 80. गावात मुलं जास्त, म्हातारे कमी, म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या भारतासारखं. एक फेरी म्हणजे 25 वर्षं. फेरीत क्रम असा: तिसरी ताटली रिकामी करा, दुसरीतले तिसरीत, पहिलीतले दुसरीत सरकवा, मग आता दुसरीत आलेल्यांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीमागे दोनच नवे चिंचोके पहिलीत टाका.

पहिल्या फेरीनंतर 40, 40, 30, एकूण 110. दुसरीनंतर 40, 40, 40, एकूण 120. तिसऱ्या फेरीपासून 120 वर थांबतं. कुणीही दोनापेक्षा जास्त मुलं होऊ दिली नाहीत आणि तरी गाव दीडपट झालं. या शांततेत वर्गात हमखास एखादा हात वर यायचा: “सर, मग चूक कुणाची?” चूक कुणाचीच नाही. आधीच्या पिढीत जन्मलेली मुलं वयात आली, एवढंच. लोकसंख्येचा हा संवेग कळला की जननदर 2.0 असूनही भारताची संख्या 2060 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढून सुमारे 170 कोटींवर का जाईल, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग एकच मूल असा डाव. पहिल्या फेरीत 20, 40, 30, एकूण 90. दुसरीत 10, 20, 40, एकूण 70, आणि त्या सत्तरात चाळीस म्हातारे. इथे मुलं आपणहून पेन्शन आणि दवाखान्याबद्दल बोलू लागायची. शेवटचा डाव वयाचा: पहिलं मूल विसाव्या वर्षी झालं तर शंभर वर्षांत पाच पिढ्या, पंचविसाव्या वर्षी झालं तर चार. मुलींच्या लग्नाच्या वयावर एवढं बिनभाषणाचं बोलणं क्वचित होतं.

काय बिघडतं: घाईत तिसरी ताटली रिकामी करायची राहते आणि आकडे फुगतात. शिक्षक सरकवण्याआधीच जोड्या लावतात, मग 30 च्या मागे मूल मोजलं जातं. एकूण बेरीज फळ्यावर मोठी लिहिली नाही तर मागच्या बाकांना काहीच कळत नाही. 35 मिनिटांच्या तासिकेत दोन डाव बसतात, तीन नाही. तिसऱ्यासाठी दुसरी तासिका मागून घ्यावी लागली.

मंडपातला देखावा

सप्टेंबरमध्ये वस्तीतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाने देखाव्याची जागा फुकट देऊ केली. गणपती 19 तारखेला बसणार होते, दहा दिवस, हजारो डोळे. देखाव्याचा विषय मंडळाने आधीच ठरवला होता: लोकसंख्येचा भस्मासुर. थर्माकोलची बंदी असल्याने पुठ्ठ्याचा बारा फुटी राक्षस, त्याच्या पोटात चाळी आणि बालकं.

निर्णयाचा खरा कस इथे लागला. नाही म्हणावं तर मंडळाची मुलं दुखावणार, आणि पुरुषांशी बोलायचं तर ह्याच मुलांच्या मदतीने बोलायचं होतं. हो म्हणावं तर ऑगस्टचा निर्णय पाण्यात. समन्वयकाने तडजोड सुचवली: भस्मासुर राहू दे, पण त्याच्या डोक्यावर हात आहे तो कशाचा हे ठरवू. पहिल्या कच्च्या चित्रात तो हात ‘अशिक्षितपणा’ होता. चर्चा करून तिथे तीन पाट्या आल्या: ‘पंधराव्या वर्षी सुटलेली शाळा’, ‘अठराच्या आधीचं लग्न’, ‘दोन पाळण्यांत एक वर्ष’.

देखावा झाला, गर्दीही झाली. पाट्या किती जणांनी वाचल्या हे सांगता येत नाही. ध्वनिफितीतल्या निवेदनात मात्र मंडळाने जुनाच मजकूर ठेवला होता, ‘हा राक्षस आपल्याला गिळणार’, आणि तो दहा दिवस वाजला. पाट्या तपासल्या, ध्वनिफीत तपासली नाही. अहवालात हे ‘मोठ्या प्रमाणावर जनजागृती’ म्हणून गेलं. तो आकडा टाकायला नको होता.

वस्तीत: तांबी, छाया, अंतरा

दिवाळीनंतर काम घरांकडे वळलं. सासवांची बैठक वेगळी, सुनांची वेगळी, दुपारी तीननंतर, कारण धुणीभांडी करणाऱ्या बायका तेव्हाच परततात. पहिल्या बैठकीत निवृत्त परिचारिकेने एकच वाक्य तीनदा सांगितलं: ऑपरेशन हा एक उपाय आहे, एकमेव नाही, आणि कुणी जबरदस्ती करत असेल तर मला येऊन सांगा. त्यानंतर सासवा बसून राहिल्या.

पाळणा लांबवण्याची साधनं हातात घेऊन दाखवली. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ सरकारी ‘छाया’ गोळीचा. ही रोजची नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो वार रविवार असेल तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी, नंतर फक्त रविवारी. अनेकींनी ती माला-डीसारखी रोज घेतली होती किंवा तीन महिन्यांनी बंदच केली होती. उपाय साधा निघाला: घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या वारांना कुंकवाचा ठिपका.

‘अंतरा’ इंजेक्शनचं वेगळं. दर तीन महिन्यांनी एक. पाळी पुढेमागे होते किंवा बंद होते, आणि ते आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून दुसऱ्यांदा येत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच सांगावं लागतं. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू. कल्पना अशी होती की बायका आपणहून जमतात तिथेच बोलावं आणि वाण म्हणून खिशात मावेल असं गोळ्यांच्या वारांचं कार्ड द्यावं. एका कार्यकर्तीने हटकलं: हळदीकुंकवाला विधवा येत नाहीत, मुस्लिम शेजारणी येत नाहीत, मग आपण पुन्हा जुलैच्याच जागी. म्हणून रथसप्तमीच्या आदल्या आठवड्यात नुसता तिळगूळ समारंभ ठेवला, सगळ्यांना खुला. वाण तेच राहिलं. उर्दू शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या आणि मार्चअखेर, परीक्षांनंतर, त्यांच्या शाळेत चिंचोक्यांचा तास झाला.

पुरुषांचं काम पडलं ते पडलंच. पाचव्या पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदी 0.3 टक्के. 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबरच्या पुरुष नसबंदी पंधरवड्यात संस्थेने दुपारी चारला बैठक ठेवली, ज्या वेळी एकही कमावता पुरुष वस्तीत नसतो. नंतर मंडळाच्या खोलीत रात्री नऊला बैठका झाल्या तेव्हा माणसं आली, पण प्रश्न फक्त एकच: जड काम करता येईल का. पत्रकातही गफलत होती. ‘बिनटाक्याची, लवकर कामावर’ एवढंच छापलं होतं. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणी करूनच तो सोडायचा, हे राहून गेलं होतं. परिचारिकेच्या लक्षात आलं तेव्हा अर्धी पत्रकं वाटून झाली होती. उरलेल्यांवर शिक्का मारला.

वॉर्डात: कुणाकडे मागायचं

महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपलेली, तेव्हा नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. एरवी अशी मागणी नगरसेवकामार्फत जाते. इथे थेट वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी जावं लागलं. तीन मागण्या होत्या: आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी समुपदेशन, कोणती साधनं शिल्लक आहेत याचा दर्शनी फलक, आणि अंतराचं कार्ड असलेल्या बाईला दुसऱ्या केंद्रातही ते इंजेक्शन मिळण्याची लेखी सूचना.

मागण्या छोट्या ठेवल्या हे बरं झालं. फलक महिन्याभरात लागला. संध्याकाळचा दिवस मार्चमध्ये सुरू झाला, पण एप्रिलपासून कर्मचारी निवडणुकीच्या कामात गेले, 20 मे रोजी मुंबईत मतदान होतं, आणि तो दिवस बंद पडून जूनमध्ये परत आला. लेखी सूचना मिळाली नाही.

निष्पत्ती

पाचही शाळांत सत्रं झाली. खेळाआधी आणि नंतर एकच प्रश्न लिहून घेतला होता: ‘प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं झाली तर लोकसंख्या लगेच थांबेल का?’ आधी बहुतेकांनी ‘हो’ लिहिलं, नंतर बहुतेकांनी ‘नाही’, आणि कारण स्वतःच्या शब्दांत. हे वर्षातलं सगळ्यात भक्कम फळ.

वस्तीत तात्पुरती साधनं घेणाऱ्या बायका वाढल्या असं आरोग्य सेविका सांगतात. नेमका आकडा देता येत नाही, कारण क्रमांकवार नोंदी डिसेंबरपासून ठेवल्या. तोवर नावानिशी वही होती. दाटीच्या वस्तीत कोण काय वापरतं याची वही कुणाच्या हाती पडली तर काय होईल, हे लक्षात आल्यावर ती फाडून क्रमांकाची कार्डं केली. निधी देणाऱ्यांना नसबंदीचा रकाना कोरा पाठवला आणि सोबत दोन पानांचं कारण. त्यांनी ते स्वीकारलं, नाखुशीने.

सर्वांत मोठं नुकसान मे महिन्यात झालं. अंतरा घेणाऱ्या अनेकजणी सुट्टीत गावी गेल्या आणि तारीख तिथेच उलटली. इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत घेता येतं. निघण्याआधी घेता आलं असतं. कुणी सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये दोघी गरोदर राहून परतल्या, एकीला ते मूल नको होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या महिन्यात फेरी काढण्याऐवजी स्वयंसेवकांना चार आकडे आणि त्यांची उत्तरं पाठ करून घ्यायची, मोबाइलवरचा मजकूर बैठकीत वाचायचा नाही हा नियम लेखी. पुरुषांच्या बैठका नऊ वाजताच, आणि विषय ऑपरेशनने सुरू न करता मुलीच्या फीने. दुसऱ्याच्या मंडपात जायचं तर पाट्यांसोबत आवाजाचीही प्रत आधी ऐकायची. निधीच्या तक्त्यातला नसबंदीचा रकाना सही करण्याआधी काढून घ्यायचा, नंतर नाही. त्याच्या जागी ‘अंतराचं दुसरं इंजेक्शन वेळेत घेतलेल्या’ असा रकाना.

आणि 15 एप्रिलच्या आत प्रत्येक कार्डधारक बाईला विचारायचं: गावी कधी जाताय, परत कधी येताय. तारीख मध्ये पडत असेल तर त्याच आठवड्यात इंजेक्शन, कार्ड पिशवीत, आणि कार्डाच्या मागे गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव.